किटली

ट्रॅक्टर बघायला गेलं की आधी हात लावायचा,
मग तोंड उघडायचं, असं गफूरमिस्त्रींनी बजावलेलं.
बॉनेटवर तळवा ठेवला. कोमट.
पौषातली सकाळ, साडेनऊ,
आणि भेरूलाल पाटीदार सांगतो,
"दो दिन से खड़ा है बाईसाब, किसीने छुआ तक नहीं।"

अठरा हॉर्सपॉवर. रंग नवा, लाल,
इतका नवा की नटांच्या खाचा लाल, ग्रीसची निपलं लाल,
मडगार्डला चिकटून राहिलेलं गव्हाचं एक कूसही लाल.
तासांचा काटा दोन हजार तीनशे एकेचाळीसवर थांबलेला.
कधी थांबला ते विचारायची सोय नाही,
काचेवर बरोबर तिथेच खजरान्याच्या गणपतीचं स्टिकर.

तिल्लोरला माझे तीन बिघे.
जामाची झाडं. म्हणजे पेरूची;
इंदुरात जन्म गेल्यावर जीभ आधी जामच म्हणते.
दोन ओळींत नऊ फूट सोडले,
कारण पुस्तकात नऊ लिहिलं होतं
आणि पुस्तकातून कधी ट्रॅक्टर गेला नव्हता.
भाड्याचा मोठा येतो, तासाला नऊशे,
वखर मारतो आणि फांद्या घेऊन जातो.
आश्विनात मोजल्या, चौतीस.
ड्रायव्हर म्हणाला, "छँटाई फ्री में कर दी।"

हा मात्र ओळीतून जाईल.
टेपनं मोजला, दोन्ही बाजूंना अडीच फूट उरतात.
मागची टायरं दोन वेगळ्या गावांची,
लिफ्ट वर जाते आणि मग
शाळेतल्या कंटाळलेल्या हातासारखी हळूच खाली येते.
मी छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं,
धुराचा रंग मला कळतो.
निळा होता.

रात्री विजेच्या बिलामागे हिशेब मांडला.
एक लाख दहा मागतोय.
वर्षाला साठ तास धरले तर दोन वर्षांत वसूल,
दोन वर्षं टिकला तर.
तो. आणि खरं तर मीही, सदुसष्ट चालू आहे.
ही ओळ खोडली, हिशेबात बसेना.
भाऊ फोनवर म्हणाला, नवा घे, हप्ते बांधून देतील.
किती हप्ते, ते त्यालाही मोठ्यानं म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी न कळवता कंपेलला गेलो, पहाटे सहाला,
गफूरमिस्त्री पुढे, मी मागे, स्कूटरवर, कानाला शाल.
भेरूलाल झोपलेला.
बॉनेट उघडं, आणि त्याची बायको, रेशमबाई,
किटलीतून कढत पाणी इंजिनावर ओतत होती,
बाळाला न्हाऊ घालावं तशी, कानामागेसुद्धा.
आम्हाला बघून दचकली नाही.
"रोज की एक केतली," म्हणाली,
"फिर शाम तक कुछ नहीं माँगता।"
सीटवर चढली, पदर खोचला, चावी फिरवली.
एकदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा खोकला, थरथरला, लागला.

गफूरमिस्त्री कानाशी आले:
"रिंगा संपल्या. पंचवीस हजारांचं काम."
मी मान हलवली, पण बघत होते किटलीकडे.
माझ्याही गुडघ्यांना सकाळी गरम पिशवी लागते
आणि मग मी बागेत दुपारपर्यंत उभी असते.
हे मिस्त्रींना सांगितलं नाही, भाव वाढला असता.

भेरूलाल डोळे चोळत आला तेव्हा म्हणाले, पंच्याऐंशी.
तो आभाळाकडे बघून हसला, नव्वदवर आला.
मग म्हणाले, नव्वद, पण किटलीसकट.
तो हो म्हणणार तेवढ्यात
रेशमबाईनं किटली पाठीमागे धरली.
"ट्रैक्टर ले जाओ। ये चाय की है।"

परतताना बर्तन बाजारात थांबलो.
किटली घेतली, जाड बुडाची, दीड लिटरची.
ट्रॅक्टरचं अजून नक्की नाही.